पस्तीस मीटर आणि चिल्लर

फलाट एकच्या टोकाला, जिथं फलाट उतरत उतरत खडीत मिसळतो,
तिथला पिवळा फलक दर तीन-चार वर्षांनी माझ्याकडे येतो.
म्हणजे मीच त्याच्याकडे जातो, शिडी घेऊन.
वडोदरा, तीन लिप्यांत.
त्यातली मधली माझी म्हणायला हरकत नाही.
खाली बारीक अक्षरांत उंची :
समुद्रापासून पस्तीस मीटर आणि वर थोडी चिल्लर.

हिंदीत लिहितात समुद्र तल.
तळ म्हटलं की मला विहिरीत पडलेली कळशी आठवते.
आपण म्हणतो सपाटी,
जणू कुणी पाण्यावर रंधा मारून ठेवलाय
आणि त्याला टेकवून गावं उभी केलीत, कपाटांसारखी.

यंदा मे महिन्यात पत्रा इतका तापला होता
की काळा रंग ब्रशवरच साय धरायचा.
शिडी धरायला नवा पोरगा, जिगर पढियार,
पादऱ्याच्या पलीकडचा, महीच्या मुखाशी मीठाकुवा म्हणून गाव आहे, तिथला.
मीठो म्हणजे त्यांच्यात गोड. गोड पाण्याची विहीर.
माझ्या मराठी कानाला मात्र त्यात पहिल्यापासून मीठच ऐकू आलं.

पाचाचं पोट भरत होतो.
खालून म्हणाला, "घोरपडेकाका, हा कुठला दरियो?"
"कुठला म्हणजे?"
"ज्याच्यापासून मोजलंय तो.
आमचा तर वर आलाय."

शिडीवर माणसाला पटकन उत्तर सुचत नाही.

मग त्यानं सांगितलं, तुकड्यातुकड्यानं, शिडी न सोडता :
पूर्वी दर्या अमास-पुनवेला यायचा महीकडे,
पाहुण्यासारखा, दोन घटका टेकून परतायचा.
आता घरजावई झालाय.
हापशाच्या पाण्यात डाळ शिजत नाही. चहा फाटतो.
कापसाच्या शेतात सकाळी पांढरं दिसतं, तो कापूस नसतो.
बापानं म्हैस विकली, ती पाण्याला तोंड लावेना म्हणून.
बाकीची पोरं घरून बाटली भरून शाळेत नेतात,
त्याची धाकटी शाळेतून भरून घरी आणते.

"मग हा आकडा कमी करायला नको?"

ऑफिसचं पत्र खिशात होतं. पत्रात आकडा होता, खाली शिक्का.
एका साली विश्वामित्री छातीपर्यंत चढली,
कुणाच्या तरी जिन्यात मगर बसून राहिली दोन दिवस,
तरी पाणी ओसरल्यावर येऊन मी तेच पस्तीस गिरवले होते.
आत्ताही गिरवले.

दुपारी उरलेल्या रंगात त्याच्यासाठी एक पत्रा केला,
तेलाचा डबा कापून, ठोकून, पिवळा.
मीठाकुवा, गुजरातीत, ठसठशीत.
खाली : समुद्रसपाटीपासून उंची.
"पुढे काय लिहू?"
तो बोटांवर काही मोजू लागला, मध्येच थांबला.
तेवढी जागा कोरी ठेवली.
ओला पत्रा कपड्यांपासून लांब धरून तो छकड्यात चढला.

दिवाळीनंतर पत्रा घेऊन आला, पुन्हा रंगवायला.
बापानं हापशाच्या खांबाला बांधला होता, गुडघ्याएवढ्या उंचीवर.
भादव्यातल्या अमासेला पाणी ओट्यावर चढलं, म्हणाला,
रात्रभर राहिलं, कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत.
खालचा काठ गंजानं कातरलेला. नाव शाबूत.
आणि कोरी जागा होती तिच्यातून आडवी
एक पांढरी रेघ, या काठापासून त्या काठापर्यंत.
सपाट.
चाळीस वर्षांत माझ्या हातून इतकी सरळ कधी आली नाही.

नवा हात द्यायचा तर आधी घासायला हवं.
पॉलिश पेपर उचलला, ठेवला.
रेघेवरून बोट फिरवून जिभेला लावलं.
जिगर माझ्या तोंडाकडे बघत राहिला,
आपल्या घरचं कालवण पाहुणा चाखतो
तेव्हा बघतात तसा.